मानाच्या झाडावर माझा कटर

एखादं इंजिन मेलं आहे असं कुणी सांगितलं की माझं डोकं सटकतं. मेलं ते कशावरून? पळस्पे नाक्यावर माझं दुकान आहे. गवत कापायची मशीन, फवारणीचे पंप, झाडं कापायचे कटर, सगळं दुरुस्त करते. आजवर एकही इंजिन ‘होत नाही’ म्हणून परत पाठवलेलं नाही. मोनाली स्वतःची टिमकी वाजवते, असं लोक म्हणतात. वाजवते. काम येतं म्हणून वाजवते.

हा कटर मला जासईच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. तिथल्या कंटेनर यार्डांत मालाला टेकू दिलेली लाकडं कापायला असे चेनसॉ वापरतात, आणि वापरतात म्हणजे पार पिळून काढतात. याचा पिस्टन सिलिंडरला घट्ट चिकटला होता. भंगारवाला म्हणाला, "ताई, पार्टसाठी न्या, हा काही चालायचा नाही." झालं! तिथल्या तिथे मी ठरवलं, यंदा होळीचं झाड हाच कापणार.

आमच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात होळीच्या मधोमध उभं करायचं झाड तोडण्याचा मान आमच्या घराचा. माझे बाबा, काशिराम, ते कुऱ्हाडीनं तोडायचे. नियम एकच. पहिला घाव पडला की झाड आडवं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला तर मान शेजारच्या घराकडे, म्हणजे जगनकाकांकडे. काका कितीतरी वर्षं या मानावर डोळा ठेवून होते. यंदा बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तो हात छातीच्या वर जाईना. भाऊ मला नाही. देवळात बैठक बसली तेव्हा बाबा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. होडीच्या मशीनवर ताठ उभा राहणारा माणूस असा बसलेला मला बघवेना.

"झाड मी तोडीन," मी म्हटलं. "मशीननं."

"मशीनचा हात कंचा म्हनायचा?" जगनकाकांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "आवाज हाच हात. आवाज बंद पडला का मान आमचा."

बैठकीला ते पटलं. बाईमाणसानं झाड कसं तोडायचं, असं विचारायला दोघातिघांनी तोंड उघडलं होतं, पण मी त्यांच्याकडेच बघत होते, तेव्हा ते राहून गेलं.

झाड आंब्याचं होतं. भरावात मुळं गाडली जाऊन वाळलं होतं, तोडायची परवानगीही मिळाली होती. बुंधा माझ्या मिठीत जेमतेम मावेल एवढा, आणि वाळलेला आंबा म्हणजे चिवट काम. माझा कटर फळ्या कापणारा. त्याला नुसतं लांब पातं लावलं असतं तर त्यानं निम्म्यातच धापा टाकल्या असत्या. ताकद वाढवणं भाग होतं.

आधी रोग शोधला. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी जोड चिरला होता. तिथून जादा हवा आत ओढून इंजिन तापलं आणि पिस्टन वितळून भिंतीला चिकटला. भिंतीवरचं ॲल्युमिनियम ॲसिडच्या बोळ्यानं काढलं, बारीक पॉलिश पेपर फिरवला. नवा पिस्टन, नवी रिंग, नवा जोड. इथवर कुठलाही बरा मेकॅनिक येतो.

पुढचं माझं. धूर बाहेर पडायचं तोंड घासून रुंद केलं, पण बेतानं, कारण तिथे हाव सुटली की रिंग अडकून मोडते. सायलेन्सर आतून मोकळा केला. सिलिंडरखालचं पॅकिंग काढून टाकलं आणि तिथे नुसता सीलंटचा पातळ हात दिला. त्यामुळे पिस्टन पार माथ्याजवळ जातो, आतलं पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते, भडका जोरात उडतो. किती जवळ न्यायचं, तर प्लगच्या भोकातून कथलाची तार आत घालायची, इंजिन हातानं फिरवायचं आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. तिथे चुकलं तर पिस्टन माथ्यावर आपटून खेळ खलास. माझं चुकलं नाही. पहिल्यांदा दोरी ओढली तेव्हा तिनं माझाच हात मागे खेचला, एवढा दाब! बाबा स्टुलावर बसून बघत होते.

"वाघ झाला गो," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

होळीच्या सकाळी आख्खा वाडा बेंजो वाजवत झाडाशी गेला. मी कटर चालवून गरम केला, बंद करून बाबांजवळ ठेवला आणि झाड कुठल्या बाजूला ओढायचं ते दोरवाल्यांना दाखवायला पलीकडे गेले. परत आले, नारळ फुटला, कटर सुरू केला. झाड जिकडे पाडायचं त्या बाजूला खाच घेतली आणि मागून मुख्य काप घ्यायला लागले. भुसा नुसता उडत होता. मनात म्हटलं, बघा, जगनकाका, डोळे भरून बघा.

काप निम्म्यावर आला आणि इंजिन ठणठणायला लागलं. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसं. पाठोपाठ धुराला रॉकेलचा वास.

हात न थांबवता मी ओरडले, "बाबा, टाकीत तुमी काय घातलंत?"

ते माझ्या कानाशी आले. "टाकी अर्धी होती गो. अर्ध्या टाकीवर कोन निंगतो? होडीतल्या डब्यातून काठोकाठ भरली."

बरोबर आहे, कोळी माणूस अर्ध्या टाकीनं बंदर सोडत नाही. होडीच्या मशीनला आमच्याकडे रॉकेल मिसळलेलं तेल घालतात. ऑइल कटरच्या पेट्रोलमध्येही मिसळावं लागतं आणि होडीच्या तेलातही, म्हणून बाबांना दोन्ही सारखीच वाटली. साध्या कटरनं कदाचित कुरकुरत ते पचवलंही असतं. पण दाब वाढवलेला माझाच, आणि एवढ्या दाबात रॉकेल ठिणगीला विचारत नाही, आपलं आपणच पेटतं. ती ठणठण थांबली नसती तर पिस्टनला भोक पडलं असतं.

मला बाबांचा भयंकर राग आला. मग त्यांचं तोंड दिसलं. काय झालं ते त्यांना कळलं होतं.

मी रेस सोडली. साखळी थांबली, पण इंजिन हळू आवाजात धडधडत राहिलं. जगनकाका दोन पावलं पुढे येऊन कान देऊन उभे राहिले.

"बाबा, माझ्या खिशातला बारका पेचकस काढा. हे भोक बघा. आत दोन स्क्रू हायत. वरचा. उलटा फिरवा, हळूच."

कटर गुडघ्याच्या उंचीवर होता. तिथवर त्यांचा उजवा हात पोचत होता. त्यांनी स्क्रू फिरवला, मी थोडी रेस दिली, ठणठण कमी झाली. तो स्क्रू सैल केला की तेल जास्त आत जातं आणि इंजिन थंड राहतं, तेवढीच आशा होती.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून थोडा. बस!"

मग निम्म्या रेसवर, जराही न दाबता, साखळी ओढेल तेवढंच पातं आत जाऊ दिलं. धूर डोळ्यांत जात होता. बाबा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून इंजिन ऐकत होते, जरा आवाज बदलला की माझ्या पाठीवर हात ठेवत होते, आणि मी रेस कमी करत होते. शेवटी बुंधा कडाडला, दोरवाल्यांनी जोर लावला आणि झाड हवं तिथेच आडवं झालं. मी पातं बाहेर काढलं आणि मगच इंजिन बंद केलं.

बेंजो सुरू होणार तोच जगनकाकांनी हात वर केला. "आवाज बंद नाय पडला, मान्य हाय. पन त्यो ठणठणाट कसला? अशा कच्च्या कामाच्या भरवशावर पुढल्या वर्सी मान ठेवायचा का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबा पेचकस हातात धरून उभे होते, पुन्हा सगळ्यांच्या मागे.

"माझंच सेटिंग चुकलं," मी म्हटलं. हे वाक्य जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं.

"खोटं बोलते ती!" मागून बाबांचा आवाज आला. माणसं बाजूला सारत ते पुढे आले. "होडीचं तेल मी घातलं. दुसऱ्या कुनाचं मशीन असतं त जागीच मेलं असतं. पुढल्या वर्सी झाड मोनालीच तोडंल." मग पेचकस माझ्या हातात देत ते म्हणाले, "आन तेल पन तीच भरंल."

वाडा हसला, जगनकाकासुद्धा हसले. मी मात्र खाली बसून, कटर मांडीवर घेऊन त्याचं झाकण उघडायला लागले. झाकण उघडायची तेव्हा काही गरज नव्हती, पण मला रडू आलं होतं आणि सगळ्यांसमोर मान वर करायची नव्हती.