करगोट्याची गाठ

सरलाबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. घर मुलाचं, पण कपाट त्यांच्या ताब्यात. साताऱ्याहून चंदीगडला आल्या आल्या त्यांनी ठरवून टाकलं, की सुनेचं, सुमेधाचं दूध नातवाला पुरत नाही. मग दुधाच्या भुकटीचा डबा आला आणि महागाची वस्तू म्हणून कुलपात गेला. बाळगुटी तर होतीच. गुटीवाचून पोर बाळसं धरतं, यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

तीन महिन्यांच्या नंदूला जुलाब लागले. बारशाला बांधलेला काळा करगोटा कमरेवरून घसरायला लागला, तेव्हा बाईंनी तो गाठ मारून आखूड केला आणि गुटी उगाळताना मुरुडशेंगेचे वेढे वाढवले. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर रागिणी देशमुखांनी पोराला बघितलं आणि त्या चिडल्याच.

"काकू, गुटी बंद, डबा बंद, पाणीसुद्धा बंद. फक्त आईचं दूध. ह्या वरच्या पाण्यातूनच रोग पोटात जातोय. मूल जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. असंच चाललं तर पोर हाती लागणार नाही."

"मे महिन्यात पाणी नको? तुमच्या पुस्तकात उन्हाळा नसतो वाटतं!"

सुमेधाचा नवरा माधव हवाई दलात. ऐंशीच्या दशकातल्या त्या दिवसांत पंजाबात रोज कुठे ना कुठे गोळ्या चालत, त्याला घर दिसायची मारामार. सासूशी वाद घालायला पाठीशी कोण होतं?

अशात शेजारच्या पंचकुल्याला भाचीच्या, मीनाक्षीच्या मुलीचं बारसं आलं. पहिली गुटी सरलामावशीच्याच हातची हवी होती. बाई सहाण आणि गुटीची पुरचुंडी घेऊन निघाल्या. संध्याकाळी परतायचंच होतं, म्हणून कपाटाची किल्ली कमरेलाच राहिली.

दुपारी चंदीगडात गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, रस्ते बंद झाले. बाईंनी डॉक्टरांच्या घरी फोन लावून सुनेला बोलावून घेतलं.

"सुमेधा, किल्ली माझ्याकडे राहिली गं! वरवंटा घाल आणि कुलूप फोड. पोर उपाशी मरेल!"

"बघते, आई," एवढंच ती म्हणाली.

पुढे फोनही लागेना. मीनाक्षीच्या घरी बाईंना घास गिळवेना. स्वतःच्या हातांनी आपण नातवाचं दूध कुलपात घातलं, ह्या विचारानं त्या देवासमोर बसून रडल्या.

आठवड्यानं कर्फ्यू उठला. बाई धापा टाकत जिना चढल्या. आधी कपाट दिसलं. कुलूप जसंच्या तसं. त्या सुनेकडे वळल्या.

"फोडलं का नाहीस?"

"फोडायला वरवंटा उचलला होता," सुमेधा म्हणाली. "मग म्हटलं, एक दिवस डॉक्टरांचं ऐकून बघू. पहिले दोन दिवस तो सारखा रडला, मीही रडले. सारखं अंगावर घेतलं. मग दूध असं आलं की पदर भिजायला लागला. डॉक्टर रोज येऊन बघून जात होत्या. जुलाब थांबले, आई."

बाईंनी नंदूला मांडीवर घेतलं. तो आजीकडे बघून तोंडभर हसला. करगोटा पोटावर करकचला होता, कातडीवर वळ उमटला होता. त्यांनी आपणच मारलेली गाठ सोडली.

"देवा, तुझे उपकार," त्या म्हणाल्या. मग सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "तुझे त्याहून जास्त. बरं झालं, माझं ऐकलं नाहीस." कमरेचा जुडगा काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. "त्या भुकटीच्या वड्या करू. तू खा, डॉक्टरणीला दे."

आणि एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. नंदूला कडेवर घेऊनच त्या खाली डॉक्टरांकडे धावल्या आणि त्यांनी पंचकुल्याला फोन लावला.

"मीनाक्षी, ती गुटी बंद कर. आत्ताच्या आत्ता. पाण्याचा थेंबसुद्धा नको."

"मावशी, आठवडाभर तुम्हीच तर उगाळून देत होतात!"

"हो गं बाई, मीच देत होते. म्हणून तर मीच सांगतेय. सहाण उचल आणि देवघरात ठेव, गंध उगाळायला. आणि पोरीला पदराखाली घे. मी फोन धरून थांबते."