मनात पाप, जिभेला मीठ

विहिरीभोवती एवढी गर्दी उसळली होती, की एकाला शिंक आली तर ती शेजाऱ्याच्या नाकातून बाहेर पडावी. मधोमध विटांच्या कोऱ्या कट्ट्यावर गोडेबाबा. त्यांनी रेशमी दोरीची चांदीची वाटी दोन बोटांनी अलगद, झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तशी, पाण्यावर टेकवली. भरलेली वाटी त्यांनी होडीवाल्या दादाच्या हातात दिली.

दादाने घोट घेतला आणि त्याचे डोळेच भरून आले. "गोड आहे! आईशपथ, गोड आहे!"

एकच आरोळी उठली. दादाची धाकटी बहीण दवाखान्यात नर्स होती, वस्ती तिला सुईबाई म्हणायची. तिनेही वाटीत बोट बुडवून चाटलं. पाणी खरंच गोड होतं. आता काय बोलणार?

इथला समुद्र अलीकडे फार लाडावला होता. आजोबांच्या काळी तो लांबून हाक मारायचा. आता न विचारता ओसरीवर येऊन बसायचा आणि जाताना कधी कुंपण, कधी चूल घेऊन जायचा. जमिनीखालूनही तो शिरला होता. विहीर खारट झाली, म्हणून लोकांनी ती खोल खणली. आणखी खारट झाली, म्हणून आणखी खणली. तळाचं पाणी गार नि गोड, ही वाडवडिलांची शिकवण. इथल्या प्रत्येक बादलीच्या कडीला धोंडा बांधलेला असायचा. बादली धपकन तळ गाठायलाच हवी. वरवरचं पाणी भरते ती सून आळशी!

सुईबाई वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, की छपरांवरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधा. शेवटी टाकीच्या विटा आल्या आणि पाठोपाठ बाबा आले. विटा बाबांच्या बुडाखाली गेल्या. बाबांनी विहिरीला मौन दिलं: बादली नाही, पंप नाही, काठावर पाय आपटणंही नाही. वस्ती टँकरवर राहिली. मधे एक चांगला पाऊस पडला आणि मग बाबांनी वाटी काढली.

"समुद्राला मी दम दिलाय!" बाबा गरजले. "म्हटलं, मागे हट, नाहीतर तुझी वाफ करून ढगात कोंडीन! आता टँकर कशाला नि टाकी कशाला? प्या! गरोदर बाईने तर तांब्यावर तांबे रिचवावे. फक्त ध्यानात ठेवा, ज्याच्या मनात पाप, त्याच्या जिभेला मीठ!"

मग धपाधप धोंड्यांच्या बादल्या पडल्या. माणसं पाणी प्यायची, चेहरा पिळलेल्या लिंबासारखा करायची आणि म्हणायची, "अहाहा, अमृत!" आपलं पाप चारचौघांत कोण कबूल करणार?

सुईबाईला हसू आलं असतं, पण घरात वहिनीला सातवा महिना होता. पाय सुजलेले, रक्तदाब चढता. मीठ कमी आणि टँकरचंच पाणी, असं बजावलेलं असताना आई सुनेपुढे विहिरीचे तांबे ठेवत होती.

"आई, रक्तदाब किती वाढलाय बघ!"

"तुझ्या त्या यंत्राच्याच मनात पाप आहे!" आई म्हणाली.

आई बाहेर गेल्यावर वहिनी कुजबुजली, "वन्सं, मला खारट लागतं हो."

"मग सांग ना आईला."

"कसं सांगू? पोटातल्याच्या वाईटावर आहे म्हणतील."

दुसऱ्या दिवशी न्हावी दवाखान्यात आला. त्याचा घसा बसल्यामुळे वस्तीच्या बातम्या बंद पडल्या होत्या. सुईबाईने गडबडीत पेलाभर पाण्यात मीठ टाकलं, ढवळायचं राहिलं.

न्हाव्याने गुळणी केली. "मीठ विसरलात बाई."

"करा, करा."

शेवटच्या घोटाला तो उडालाच. "अगं आई गं! हा तर समुद्र आहे!"

सुईबाई पेल्याकडे बघत राहिली. वर गोड, खाली खारट! बाबांची ती अलगद टेकणारी वाटी तिला आठवली. न्हाव्याचा हात धरून ती विहिरीकडे निघाली.

बाबांचं प्रवचन रंगात आलं होतं. सुईबाईने काचेची बरणी कट्ट्यावर ठेवली आणि तीत मीठ घातलेला गार कोरा चहा अर्धी बरणी ओतला. त्यावर चमच्याच्या पाठीवरून थेंबाथेंबाने गोडं पाणी सोडलं. खाली तपकिरी, वर स्वच्छ. न्हाव्याने वरचं चमचाभर चाखलं. "गोड!" मग तिने बरणीत खडा टाकून ढवळलं. सगळं तपकिरी. "थू! खारट!"

"पावसाचं पाणी हलकं, समुद्राचं जड," ती म्हणाली. "विहीर आठवडाभर गप्प राहिली, तेव्हा वर गोड थर साचला. बाबांनी त्याची साय काढली. तुम्ही तळाचा समुद्र उपसताय!"

"कली शिरलाय हिच्यात!" बाबा ओरडले.

सुईबाईने धोंड्याची बादली टाकली आणि पेला भरून त्यांच्यापुढे धरला. "तुमचं मन तर निर्मळ ना? मग एवढा संपवा."

"आज... आज आमचा पाण्याचाही उपवास आहे."

पहिल्यांदाच कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "खारट आहे. पहिल्या दिवसापासून खारट आहे." सुजल्या पायांनी, डोकं दाबून धरत वहिनी उभी होती. "वन्सं, मला दोन-दोन दिसतंय."

"मलाही खारटच लागायचं," गर्दीतून आई पुटपुटली आणि पुढे होऊन तिने सुनेला धरलं. मग सगळ्या वस्तीला एकाच वेळी जीभ फुटली.

दादाने वहिनीला टँकरवाल्याच्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली, ओंजळीएवढी, आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत श्वास मोजत राहिली. आई त्या काचेला हात लावून उभी असायची. तिला कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला सोसत नव्हतं.

बाबा त्याच संध्याकाळी पसार झाले. पूर्वी ते बोअर मारणाऱ्यांच्या गाडीवर होते म्हणे. विद्या होती माणसाकडे, पण ती सांगण्यापेक्षा लपवण्यात बरकत जास्त!

कट्टा फोडून विटा टाकीला लागल्या. पण म्हणून समुद्र थांबलेला नाही. तो येतोच आहे, आणि खालच्या आळीला आज ना उद्या वर सरकावंच लागेल. विहिरीतला गोड थर पावसाने दिलेला, वीतभर जाडीचा; खोल खणलं, जोरात उपसलं की तो फाटतो. तेव्हा मंडळी, छपराचं पाणी साठवा, विहिरीचं वरवरचं, बेताने घ्या. दम देऊन समुद्र हटत नाही, आणि पाणी कुणाचं मन बघून चव बदलत नाही. जिभेला जे लागतं ते वेळेवर, मोठ्याने सांगा. तुम्ही गप्प बसता तेव्हा ते पाणी दुसरंच कुणीतरी पीत असतं.