भरल्या पानावरून

लहानूबाबांनी कीर्तन सोडलं त्याला दोन वर्षं होत आली होती. पिंपळगावच्या सप्ताहात ऐन रंगात आवडत्या अभंगाचा तिसरा चरण त्यांच्या जिभेवरून निसटला. टाळकऱ्यांनी ध्रुपद घोळवलं, मृदंगानं वाट पाहिली; चरण काही आला नाही. बाबांनी हात जोडले नि खाली उतरले, ते उतरलेच. पुढं बायकोला, नवसाबाईंना घेऊन इंदिरानगरला लेकीकडे राहायला आले. लेकीचे, मंजुषाचे कान मात्र त्या आवाजाला भुकेलेलेच राहिले. शेजारी कुणी नुसतं 'विठ्ठल विठ्ठल' म्हटलं तरी ती काम सोडून मान वर करी.

आज सकाळी पिंपळगावच्या सप्ताहातल्या टाळकरी राजचा फोन आला. ठरलेले महाराज आजारी पडले होते, शेवटच्या दिवशी बाबांनी उभं राहावं. "कळवतो," म्हणून बाबांनी फोन उपडा ठेवला आणि लेकीच्या टेबलाशी येऊन बसले.

"काय चाललंय गं मंजू?"

"संगणकाच्या मेमरीत पानं असतात, बाबा. एका मोठ्या पानात अडीच लाखांवर लहान पानं मावतात. चिप बिघडून त्यातलं एक जरी नासलं, तरी आतला कारभारी, कर्नेल म्हणतात त्याला, अख्खं मोठं पान बाद करतो. मी त्याला शिकवतेय, नासलं तेवढंच बाजूला काढ."

"एक खडा लागला म्हणून वाढलेलं पान टाकतो? असला कसला कारभारी हाय तो?"

आतून मेथी निवडत नवसाबाई म्हणाल्या, "तुमी तरी काय येगळं केलं? भरल्या पानावरून उठले."

बाबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मंजुषानं मुद्दाम एका लहान पानावर नासल्याची खूण करून चाचणी लावली. पडद्यावर उमटलं: एक बाद, बाकी सगळी शाबूत.

"मग त्ये नासलेलं परत सुधरतं का?"

"नाही. त्यात होतं ते गेलं."

"आन् कुणी नेमकं तेच मागितलं तर?"

"खोटं काही द्यायचं नाही. नाही म्हणून सांगायचं."

बाबांनी उपडा ठेवलेला फोन उचलून राजला लावला.

"राज, येतो मी. पण आधीच सांगतो, तिसरा चरण माझ्याजवळ नाय. तिथं आलो की मी गप उभा राहीन, तुम्ही समद्यांनी म्हणायचा."

"बाबा, तवाबी येत व्हता की आमाला," राज म्हणाला. "तुमच्या तोंडातून काढून कसा घ्यायचा, म्हणून गप राह्यलो. तर तुम्ही निघूनच गेले."

बाबांनी उपरण्यानं डोळे टिपले. मंजुषा हळूच म्हणाली, "बाबा, आत्ता दोनच चरण म्हणा ना. फक्त मला."

"नैवेद्य आधी चाखायचा नसतो, बाई."

सप्ताह संपायला अजून चार दिवस होते. मंजुषानं पुन्हा चाचणी लावली, पण कान आत्ताच पिंपळगावला पोचले होते; पडद्यावर पुन्हा तेच उमटलं, तरी तिला ते तीनदा वाचावं लागलं.