काठोकाठ भरलेला पियाला

मार्गिलानच्या त्या मोहल्ल्यात जूनच्या पहिल्या तारखेला, म्हणजे मुलांच्या दिवशी, मोठ्या तुतीखाली सगळ्या पोरांना आइस्क्रीम वाटायची रीत होती. ज्याचं आइस्क्रीम तुतीखाली आलं, त्याच्याकडेच मग उन्हाळाभर लग्नाकार्याची माणसं वळत. त्यामुळे दुकानदारांचा त्या एका दिवसावर डोळा असे.

गेल्या वर्षी मात्र फजिती झाली होती. कुणाच्या तरी डब्यात थंड करायच्या बर्फातलं मीठ शिरलं आणि दीडशे मुलांनी एकदम तोंडं वाकडी केली. मोहल्ल्याचा रईस, म्हणजे पुढारी, गोफुरजोन. त्याला लोक चहाखान्यात महिनाभर विचारत होते, "काय रईस, पुढच्या वर्षी लोणचं वाटणार का?" म्हणून यंदा तो सरळ होशिम दोमलांच्या दारात येऊन उभा राहिला.

दोमला म्हणजे मास्तर. होशिम दोमलांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. मोहल्ल्यात पन्नाशीच्या आतला असा माणूस सापडणं अवघड होतं, ज्याचा कान त्यांनी एकदा तरी पिळला नव्हता.

"दोमला, चारही दुकानं तुम्ही फिरा, चाखा आणि सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

"अरे, मी गणिताचा मास्तर. आइस्क्रीमचा नव्हे."

"म्हणून तर आलो. तुमच्याकडे पाच म्हणजे पाच आणि दोन म्हणजे दोन. मला सातवीत दोनदा दोन दिलेत, नापास केलंत. विसरलो नाही मी."

"तिसऱ्यांदाही द्यायला हवे होते," दोमला म्हणाले, पण मनातून सुखावले. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना काही विचारायला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते नातीला बरोबर घेऊन निघाले. ओयदिन सात वर्षांची. ताश्कंदला आईबापांजवळ वाढलेली, सुट्टीत आजोळी आलेली. तिच्या हातात वही होती. आजोबांनी सांगितलं होतं, "प्रत्येक दुकानाचं नाव लिही. समोर तुला काय वाटलं तेही लिही. माझं बघून लिहायचं नाही."

पहिलं दुकान सोबिरचं. नवं यंत्र, काचेची कपाटं, सात रंगांचं आइस्क्रीम. ओयदिनने लिहिलं, 'खूप गोड. निळं चांगलं नाही.' दुसऱ्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने जर्दाळूचा मुरंबा घालून वाटी दिली. ओयदिनने मुरंबा तेवढा खाल्ला आणि तसंच लिहिलं. दोन्हीकडे आधी नान आणि चहा झाला. आपल्याकडे दारात आलेल्याला चहाशिवाय कोण काय चाखू देतं? तो नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं.

तिसरं दुकान मस्तुराचं होतं. एका दाराचं, आत सावली, बाहेर एक लाकडी बैठक. मस्तुराकडे यंत्र नव्हतं. दूध आटवून त्यात साय आणि अंडी घालायची, कल्हईचा डबा लाकडी पिंपात बर्फामिठात ठेवायचा आणि हाताने फिरवायचा, अशी तिच्या सासूची पद्धत. मस्तुरा दोमलांची विद्यार्थिनी. गणितात अशी मुलगी त्यांनी पुन्हा पाहिली नाही. तिने फरगान्याला जाऊन शिकावं म्हणून ते तिच्या बापाशी भांडले होते. तिचं लग्न झालं, पुढे नवरा वारला आणि तिने हा डबा हातात घेतला, तेव्हा चहाखान्यात दोमला बोलून गेले होते, "समीकरणं सोडवायची ती पोर आता दूध घुसळते. फुकट गेली." हे तिच्या कानावर गेलंच असणार, असं त्यांना कायम वाटे. त्यामुळे तिच्या दुकानावरून जाताना ते जरा भरभर चालत.

"या दोमला, या! किती वर्षांनी पाय लागले," मस्तुरा म्हणाली. तिने बैठकीवर गादी टाकली, नान मोडून ठेवला, रीतीप्रमाणे चहा तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घातला आणि मुरू द्यायला ठेवला. "बसा. आत्ताच डबा भरलाय, ताजं आणते." ती आत गेली.

तेवढ्यात रस्त्यावरून जुना शेजारी चालला होता. त्याने हाक मारली. तब्येत कशी, घरचे कसे, लेक कशी, कोंबड्या अंडी देतात का, असं सगळं विचारून होईपर्यंत दोमला रस्त्याकडे तोंड करून बसले होते. वळून पाहतात तो समोरचा पियाला काठोकाठ भरलेला.

त्यांच्या कानशिलांत रक्त चढलं.

मानाच्या पाहुण्याला चहा घोटभरच ओतायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळतो, पुन्हा पुन्हा विचारपूस होते. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे, 'प्या आणि निघा.' हे मोहल्ल्यातलं शेंबडं पोरही जाणतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. दोमलांना वाटलं, ते चहाखान्यातलं बोलणं हिने इतकी वर्षं जपून ठेवलं आणि आज असं परत केलं.

मस्तुरा वाट्या घेऊन बाहेर आली. तिची नजर पियाल्यावर गेली. तिचा चेहरा उतरला. तिने वाट्या पुढे ठेवल्या. दोमलांनी तो चहा एका दमात प्यायला, आइस्क्रीमचे दोन चमचे घाईघाईने गिळले आणि उठले. जिभेला काय लागलं ते विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

"बोबो, माझं संपलं नाही अजून!" ओयदिन ओरडली. बोबो म्हणजे आजोबा.

"चल."

चौथं दुकान त्यांनी कसंबसं उरकलं. संध्याकाळी गोफुरजोनने विचारलं, तेव्हा म्हणाले, "सोबिरचं ठीक आहे. त्यालाच सांग."

"आणि मस्तुराचं? लोक तर फार नाव काढतात."

दोमलांनी नजर वळवली. "दूध पातळ वाटलं," एवढंच बोलले.

तीन शब्द. पण ते दोमलांचे होते. वडीलधाऱ्याने चव सांगितली की बाकीच्यांच्या जिभा तशाच होतात. सकाळी 'दूध पातळ' होतं, दुपारी 'पाणी घालते' झालं. तिसऱ्या दिवशी बाजारात एक बाई दुसरीला सांगत होती की दोमलांनी वाटी उपडी करून पाणी वेगळं काढून दाखवलं. दोमला बाजूलाच मुळे निवडत उभे होते. त्यांनी ऐकलं आणि मुळ्याचा पाला उगाच मोडत राहिले.

त्याच दुपारी अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली ओयदिनने किटली उचलली. आजीची नक्कल करत, जीभ बाहेर काढून, तिने आजोबांचा पियाला भरला. भरत गेली, भरत गेली, अगदी काठापर्यंत.

आजी सालोमत हसायला लागली. "अगं बाई! आजोबांना घरातून हाकलतेस की काय? अशाने पाहुणा उठून जातो."

"नाही जात," ओयदिन ठासून म्हणाली. "त्या दिवशी मस्तुरा आपांच्या दुकानात मीच भरला होता. बोबो त्या काकांशी बोलून बोलून दमले होते. त्यांना तहान लागली असेल म्हणून मी पूर्ण भरला. एक थेंब सांडला नाही माझ्याकडून! आणि बोबोंनी सगळा प्यायला. हो ना, बोबो?"

दोमलांनी पुढे केलेला हात मागे घेतला. पियाला समोर होता. चहाच्या पृष्ठभागावर द्राक्षाचं पान हलताना दिसत होतं.

"काय झालं हो?" सालोमतने विचारलं.

"काही नाही. गरम आहे."

ते उठले आणि तसेच चपला घालून निघाले.

मस्तुराच्या दुकानाचं दार अर्धं लावलेलं होतं. आत ती पिंपावर वाकून डबा फिरवत होती. कोपऱ्यात दोन पातेली करपलेली, पाण्यात भिजत पडलेली.

"दोमला?" ती लगबगीने उठली. हात ओढणीला पुसत म्हणाली, "बरं झालं आलात. मी येणारच होते, पण धीर होईना. जरा हे चाखा. आता जमलं का सांगा."

तिने वाटी पुढे केली. दोमलांनी चमचा तोंडात घातला आणि या वेळी नीट चाखला. आइस्क्रीम जड होतं. पिठासारखं घशात बसत होतं, अंड्याचा उग्र वास, मागून करपलेल्या दुधाची चव.

"काय घातलंस यात?"

"दूध दुप्पट आटवलं. तरी खात्री वाटेना म्हणून बटाट्याचं पीठ घातलं. अंडीही वाढवली." ती अपराध्यासारखी बोलत होती. "सासूबाईंच्या मापाने बारा वर्षं करतेय. मला कधी पातळ वाटलं नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच. तुम्ही वहीत लाल रेघ मारलीत आणि खाली चूक सापडली नाही, असं कधी झालंय?"

दोमला पिंपाच्या कडेवर बसले. त्यांना वाटलं होतं, ती चिडलेली असेल, चार शब्द सुनावेल, आपण ऐकून घेऊ. ही तर तीन दिवस स्वतःच्या हातातली चूक शोधत बसली होती. नसलेली चूक शोधता शोधता तिने चांगली गोष्ट बिघडवून टाकली होती.

"मस्तुरा, चूक तुझ्या दुधात नव्हती."

"मग?"

"तो पियाला... भरलेला. मला वाटलं, तू भरलास."

मस्तुरा त्यांच्याकडे बघत राहिली. "मी? मला वाटलं, तुम्हीच ओतून घेतलात. इथे बसायची इच्छा नाही, असं मला दाखवायला." मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे तुम्ही चाखलंच नव्हतं?"

"दोन चमचे गिळले. चव लागली नाही. रागाची लागली."

बर्फ पिंपात करकरला. मग मस्तुरा हळूच म्हणाली, "दोमला, पुढच्या महिन्यात दोन लग्नं होती माझ्याकडे. काल दोघांनीही नाही म्हणून कळवलं."

दोमलांनी मान खाली घातली. "हे पीठबीठ टाकून दे," एवढंच ते म्हणू शकले. "सासूच्या मापानेच कर. ते माप बरोबर होतं."

"तुम्हाला काय माहीत?" मस्तुरा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही चाखलं कुठे?"

दोमलांनी वाटी खाली ठेवली आणि उठले.

घरी परतताना ते गोफुरजोनकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आता सांगता हो, दोमला? सोबिरने साखर आणली, माणसं लावली. त्याने काय घोडं मारलंय?"

"त्याच्याकडून काढून घे, असं मी म्हणतच नाही. एकाचा अन्याय पुसायला दुसऱ्यावर करायचा नाही."

"मग सोडून द्या. चार दिवसांत लोक विसरतील. तुम्ही या वयात 'माझी जीभ खोटी होती' म्हणून सांगणार? तुम्ही?"

दोमलांना ते शब्द फार गोड वाटले. चार दिवसांत लोक विसरतील. रात्रभर ते शब्द त्यांनी उशाशी घेतले, पण डोळा लागला नाही.

पहिल्या तारखेला तुतीखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. सोबिरचे डबे मांडून तयार होते. रीतीप्रमाणे पहिला चमचा सर्वांत वडील माणसाचा. त्याने चाखून 'छान' म्हटलं की मग मुलांच्या वाट्या भरायच्या. गोफुरजोनने वाटी दोमलांच्या हातात दिली. त्यांनी ती खाली ठेवली. जवळची किटली उचलली आणि एक पियाला काठोकाठ भरून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. चहा बोटांवर सांडत होता.

"मुलांनो, मी तुमच्या आईबापांना शिकवलं की गणित पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. आठवतं का रे, गोफुरजोन?"

"आठवतं, दोमला," गोफुरजोन जमिनीकडे बघत म्हणाला.

"मी न वाचता लिहिलं. मस्तुराच्या दुकानात असा पियाला माझ्यापुढे आला. कुणी भरला ते पाहिलं नाही, विचारलं नाही. तिनेच अपमान केला असं धरून चाललो आणि तिचं दूध पातळ आहे असं सांगितलं. ते खोटं होतं. मी ते आइस्क्रीम चाखलंच नव्हतं."

बायकांच्या घोळक्यातली कुजबुज थांबली. बाजारातली ती बाई ओढणी सारखी करू लागली. मागून एका पोराने विचारलं, "दोमला, मग तुम्हाला किती गुण?"

"दोन," दोमला म्हणाले.

पोरं हसली. मोठं कुणी हसलं नाही.

मग त्यांनी ओयदिनला पुढे बोलावलं आणि वाटी तिच्या हातात दिली. "आज पहिला चमचा हिचा. ही माझं बघून लिहीत नाही." ओयदिनने चाखलं, विचार केला आणि म्हणाली, "गोड आहे. निळं नका देऊ." सोबिरसकट सगळे हसले आणि वाट्या भरू लागल्या.

मस्तुरा आली नव्हती. संध्याकाळी दोमला ओयदिनचा हात धरून तिच्या दुकानाकडे निघाले. वाटेत ओयदिनने विचारलं, "बोबो, तो पियाला मी भरला हे तुम्ही का नाही सांगितलंत? माझ्यामुळे झालं ना?"

"नाही. तू मायेने भरलास. त्यात राग मी ओतला."

"पण पुढच्या वेळी मी अर्धाच भरीन."

"त्याहून कमी," दोमला म्हणाले.

मस्तुराला सगळं कळलं होतं. अशी बातमी चालत येत नाही, धावत येते. तिने गादी टाकली. नान मोडला. ताजं आइस्क्रीम आणलं, सासूच्या मापाचं. दोमलांनी सावकाश खाल्लं, वाटी चाटून पुसून. इतकं चांगलं त्यांनी मार्गिलानमध्ये कुठे खाल्लं नव्हतं. ते तसं म्हणाले. मस्तुराने मान हलवली.

"लग्नवाले परत आले का?" त्यांनी विचारलं.

"एक आले. दुसऱ्यांनी दुसरीकडे ठरवलं." तिने किटली उचलली. "आज तुम्ही पोरांसमोर बोललात, त्याला काळीज लागतं. पण दोमला, एक सांगू? आता दूध आटवताना मी दोनदा चाखते. आधी एकदाही चाखावं लागत नव्हतं."

मग तिने त्यांच्या पियाल्यात चहा ओतला. अगदी तळाशी, दोन घोट, मानाच्या पाहुण्याला द्यावा तसा, आणि उजवा हात छातीवर ठेवून तो पुढे केला.

दोमलांनी तो दोन्ही हातांनी घेतला. काठोकाठ भरला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.