बशीचा एक तुकडा कमी

ये, बस माझ्याजवळ. ती सूर्यफुलाच्या बियांची पुडी मधे ठेव, फोलं खाली टाकलीस तरी चालतंय. तुला सावेली रुदाकोवची गोष्ट सांगतो. गोष्ट संपली की तुझ्याकडं माझं एक काम आहे. आधी ऐक, मग नाही म्हण.

सावेली आपल्या ओदेसाच्या स्टुडिओतला नट. तोंड सगळ्यांच्या ओळखीचं, नाव कुणाला ठाऊक नाही, त्यातला. लढाईचा सिनेमा निघाला की त्याला काम ठरलेलं, आणि त्याचं मरणंही ठरलेलं. तेही लवकर! त्याची बायको रिम्मा शेजारणींना थेटरात घेऊन जायची आणि म्हणायची, "बायांनो, कोट मागनं काढा. आधी आमचा माणूस बघून घ्या, आत्ता मरेल."

चौदा वर्षांत गडी सव्वीस वेळा मेला.

रोद्या ल्यामिन त्याचा जोडीदार. दोघं एकाच दोरखंडाच्या कारखान्यातले, एकाच दिवशी स्टुडिओत आलेले. पण रोद्या मरायचा उशिरा, आणि मरताना बोलायचा. कधी आईला हाक मारायचा, कधी बायकोला निरोप द्यायचा. कॅमेरा पार तोंडाशी. आणि सावेली? तो आधीच मेलेला, चिखलात पालथा पडून हे सगळं ऐकत असायचा. हलायची सोय नाही. पोटात नुसती आग.

मग बहात्तर साली खलाशांचा सिनेमा आला. त्यात एकच खलाशी शेवटी जिवंत घरी येतो. सावेलीनं ठरवलं, हे काम आपलं. डायरेक्टर मातवेई इल्यिच. त्यांच्याकडं खारवलेली मासळी घेऊन गेला, हातापाया पडला.

"मातवेई इल्यिच, एकदा तरी मला घरी जाऊ द्या!"

"सावा, अरे तुझ्यासारखं कोण मरतं? घरी काय, कुणीही जाईल."

काम रोद्याला मिळालं. वर रोद्या म्हणतो कसा, "सावा, मनाला लावून घेऊ नकोस. मी घरी पोचलो की तुझ्या नावानं एक पेला पितो."

शूटिंगच्या पहिल्या दिवशी बशी फोडायची रीत तुला माहीतच आहे. चिनी मातीच्या बशीवर सगळ्यांची नावं लिहायची, कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर आपटायची, ज्यानं त्यानं एकेक तुकडा घ्यायचा. आमच्या मातवेई इल्यिचची वर आणखी एक रीत होती. शेवटच्या दिवशी सगळे तुकडे परत आणायचे आणि बशी जोडून स्टुडिओच्या कपाटात ठेवायची. ज्याचं नाव हरवलं, त्याचं नशीब फुटलं.

बशी फुटली, आणि 'ल्यामिन' लिहिलेला तुकडा सावेलीच्या बुटाशी येऊन पडला. सगळे हसण्यात गुंग. सावेलीनं त्यावर पाय ठेवला. दुसऱ्याच्या ताटातलं त्याला आजवर नुसतं दिसत होतं, आज ते पायाखाली आलं! खिशात ठेवावा तर कपडेवाली पोलिना मावशी रोज खिसे झाडायची. म्हणून त्यानं तो मोज्याऐवजी पायाला गुंडाळतात त्या फडक्यात बांधून डाव्या बुटात घातला.

आठव्या दिवशी रोद्या सीनसाठी मार्चातल्या बर्फगार समुद्रात उतरला. लाटेखाली गेला, वर आला, आणि संध्याकाळी तापानं फणफणला. दोन्ही फुप्फुसं धरली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने अंथरूण.

मातवेई इल्यिचनी डोकं खाजवलं. "लाटेखाली गेला तेवढं ठेवू. वर आलेला कापू. बुडाला म्हणायचं. सावा, तुझं मरण गुरुवारी होतं ना? रद्द. तू घरी जातोस."

आता बोल! मागितलेलं मिळालं, आणि सावेलीला झोप येईना. तुकडा फेकावा तर रोद्या खरंच जायचा. परत द्यावा तर काम जायचं. राहू दिला बुटात. घरी परतायच्या सीनला गल्लीतनं चालताना फडकं सुटलं, तुकडा टाचेत रुतला. गडी लंगडत लंगडत फाटकाशी पोचला, तोंड वेदनेनं पिळवटलेलं.

"वा रे वा!" मातवेई इल्यिच ओरडले. "हे लंगडणं कुठं दडवून ठेवलं होतंस?"

शेवटच्या दिवशी रोद्या आला, काठीसारखा वाळलेला. बशी जोडली, मधे एक भोक. रोद्या हसला, "माझं नाव कुणाच्या तरी सूपमधे गेलं वाटतं." सावेली टाचेतलं रगत बुटात मुरवत उभा राहिला.

सिनेमा लागला. रिम्मा ढसाढसा रडली. सावेलीचा ऊर भरून आला.

"एवढं आवडलं?"

"अरे, काय बुडतो रे तो रोद्या! शब्द नाही, हाक नाही, गपकन गेला!"

"आणि मी?"

"तू काय, घरी आलास. त्यात रडायचं काय?"

पुढं वीस वर्षं सावेलीला लंगड्यांचीच कामं आली. लंगडा पोस्टमन, लंगडा पहारेकरी. मेला कधीच नाही. पण रोद्याचं ते बुडणं कुणी काढलं की आजही त्याचं तोंड कडू होतं. मला म्हणाला, "चोरी मी केली, आणि भाव त्यालाच!"

परवा त्यानं हा तुकडा माझ्या हातात कोंबला. बघ, 'ल्यामिन'. शाई उडालीय, पण वाचता येतं. रोद्या ऐंशीचा झाला, पुन्हा छाती भरलीय त्याची, आणि सावेली घाबरलाय. स्वतः जाणार नाही तो, मला ठाऊक आहे.

त्या बशीच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडं असते ना? मग एवढं कर. हा तुकडा त्या भोकात बसव. कुणी विचारलं तर म्हण, झाडताना कपाटाखाली सापडला. सावेलीचं नाव तेवढं काढू नकोस.