मोठ्या चौकटींचा फोन

मी एक जुना स्मार्टफोन आहे, मित्रांनो. बंद असताना तुमच्या घरातल्या फोनसारखाच दिसतो, पण सुरू केलंत की फरक लगेच कळेल. इतर फोनांवर बारीक बारीक चित्रांची गर्दी असते. माझ्यावर मात्र गडद रंगांच्या मोठ्या चौकटी आहेत. माणसाला हवं ते एका नजरेत सापडावं, असा मला घडवणाऱ्यांचा हेतू होता. बाजाराला तो पटला नाही. बेंगळुरूला बसवनगुडीतल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात मी नुकता बसलो होतो, तेवढ्यात बातमी आली की आमची प्रणालीच कंपनीने बंद केली. माझ्यासाठी यापुढे नवीन काही तयार होणार नव्हतं.

गिऱ्हाईक मला हातात घेई, वजन पाही, कौतुक करी. मग दुकानाचे मालक मंजुनाथ खरं ते सांगत, आणि मी पुन्हा कपाटात जाई. न सांगता त्यांना मला सहज खपवता आलं असतं. तेव्हा मला त्यांचा राग येई. आज वाटतं, त्यांनी खरं सांगितलं म्हणूनच मी योग्य हातात पडलो.

एका सकाळी राजलक्ष्मी नावाच्या बाई दुकानात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. सोबत लेक चंदना होती. दोघी मराठीच बोलत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या घरांची, कन्नड मिसळलेली मराठी. चंदना एकेक नवा फोन आईपुढे धरत होती. “चांगला आहे की,” असं राजलक्ष्मी म्हणत, पण त्यांचं बोट पडद्यावर कुठेच टेकत नव्हतं. मग त्यांची तिरकी नजर कपाटाच्या कोपऱ्याकडे वळली.

“अण्णा, तो निळा फोन स्वल्प दाखवा, जरा बघू.”

मंजुनाथांनी मला बाहेर काढून सुरू केलं. “अक्का, आधीच सांगतो. ह्याची प्रणाली बंद झाली आहे. नवी अ‍ॅपं येणार नाहीत. आहेत ती पण हळूहळू चालेनाशी होतील.”

“फोन लागेल की नाही?”

“फोन लागेल. मेसेज येईल. फोटो निघेल.”

“नको अम्मा,” चंदना म्हणाली. “मी ह्याच कामात, सॉफ्टवेअरमध्ये आहे ना? बंद झालेली वस्तू उद्या बिघडली तर दुरुस्त कोण करणार? घ्यायचाच तर पुढे चालेल असा घेऊ.”

तिचं काही चुकत नव्हतं, मित्रांनो. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

राजलक्ष्मींनी मला डोळ्यांपासून जरा बाजूला धरलं आणि बोट अचूक हिरव्या चौकटीवर ठेवलं. “हा फोनचा ना? हा मला दिसतो. पद्माला फोन लावायचा तर मला तुला, नाहीतर शेजारच्या विद्याला हाक मारावी लागते. कोणी बाजूला उभं असलं की काय बोलायचं? बरी आहेस ना, जेवलीस ना. संपलं.”

पद्मा म्हणजे त्यांची धाकटी बहीण पद्मावती. ती बेंगळुरूजवळ आनेकलला राहत होती.

चंदनाने हातातला नवा फोन खाली ठेवला. “सरी, ठीक आहे,” ती म्हणाली. “पण बँकेचं काही ह्यात टाकायचं नाही. कबूल?”

“कबूल.”

असा मी घरी आलो. चंदनाने पद्मावतींचा फोटो माझ्या सगळ्यात मोठ्या चौकटीत बसवला. त्यावर बोट टेकलं की आनेकलला घंटी वाजे. दुपारची जेवणं झाली, भांडी आवरली की राजलक्ष्मी मला घेऊन पलंगावर पाय पसरून बसत. मग दोघी बहिणींचं जे सुरू होई, ते काय सांगू? अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा यंदा किडक्या निघाल्या. वडील चिडले की चष्मा कसा पुसत बसत. आईच्या आमटीत चिंच आधी पडे की गूळ, यावर तर भांडण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू व्हायचं. घरात इतर वेळी नातीशी कन्नड, टीव्हीवर इंग्रजी; चंदनाशी मराठी, पण तीही कामापुरती. लहानपणची मराठी त्यांना माझ्याशिवाय कुठे बोलायला मिळत नसे. बोलणं झालं की त्या मला पदराने पुसून उशाशी ठेवत. देवळात भेटणाऱ्या बायकांना सांगत, “माझा फोन मला दिसतो.” याहून मोठी शाबासकी मला कुणी दिली नाही.

मंजुनाथांनी सांगितलं होतं, तसंच पुढे झालं. माझं एकेक अ‍ॅप चालेनासं झालं. लग्नांचे, बारशांचे फोटो सगळ्यांना पोहोचत. राजलक्ष्मींना पोहोचत नसत. आईला एकटं पडल्यासारखं वाटू नये म्हणून चंदनाने वाढदिवसाला नवा फोन आणला. राजलक्ष्मींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि लेकीच्या गालावरून हात फिरवला. मी खणात गेलो, जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. तक्रार कशाला करू? प्रेमाने आणलेल्या वस्तूसाठी जागा करून द्यावीच लागते.

पुढचं मला नंतर कळलं, कारण माझी बॅटरी संपली होती. नव्या फोनवर राजलक्ष्मींचं बोट भलतीकडेच पडे. पद्माला लावायला जात आणि दूधवाल्याला लागे. एकदा चंदनाच्या वरिष्ठांना लागला, तोही त्यांच्या मीटिंगमध्ये. राजलक्ष्मी इतक्या ओशाळल्या की त्यांनी फोन करणंच सोडलं. चंदनाने विचारलं की म्हणत, “सगळं छान आहे.”

तिकडे पद्मावती दुपारी वाट पाहत बसत. त्यांच्याकडे बटणांचा छोटा फोन होता, पण संधिवाताने बोटं वळलेली. घंटी वाजली की घेता येई, नंबर दाबता येत नसे. शेवटी मुलाकडून, रघुनंदनकडून, त्यांनी चंदनाला फोन लावून घेतला.

“चंदना, अक्का माझ्यावर रागावली आहे काय? मी तिला काही बोलले का?”

त्या संध्याकाळी चंदना आईजवळ येऊन बसली. “अम्मा, खरं सांग. तुला नेमकं काय दिसतं?”

राजलक्ष्मींनी नवा फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “मधोमध धूर असतो. तुझ्याकडे बघितलं की चेहरा नाही दिसत, कानातलं दिसतं. मान वळवली की मग थोडी दिसतेस.”

“कधीपासून?”

“फोन घ्यायला गेलो होतो ना, त्याच्या आधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू नोकरी सोडून माझ्याजवळ बसशील, म्हणून नाही सांगितलं.”

चंदना रडली. मग तिने डोळे पुसले, खण उघडला आणि मला चार्जिंगला लावलं. मी जागा झालो तेव्हा ती मला आईसारखं तिरकं धरून पाहत होती. आईने दुकानात माझ्यात काय पाहिलं होतं, ते तिला आत्ता कळलं.

त्याच आठवड्यात ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली जपता येईल, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन चंदनाने मला समोर ठेवलं आणि नव्या फोनवरही तशाच मोठ्या चौकटी मांडल्या. आईला विचारून, एकेक रंग बदलून. आता फोटोही आले, पद्माही लागली. माझ्या बंद पडलेल्या घराण्याकडून नव्या फोनने काही शिकावं, याचा मला फार आनंद झाला.

“मग हा?” चंदनाने मला उचलून विचारलं.

“पद्माला दे,” राजलक्ष्मी म्हणाल्या. “तिला एक बोट टेकता आलं तरी पुरे.”

मंजुनाथांनी कुठूनशी माझी नवी बॅटरी मिळवली, आणि रविवारी बसने आम्ही आनेकलला गेलो. इतकी वर्षं फक्त फोटोने आणि आवाजाने ओळखीच्या असलेल्या पद्मावती मला तिथे दिसल्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकवाच्या, अक्काचा हात न सोडणाऱ्या. माझ्या मोठ्या चौकटीत आता राजलक्ष्मींचा फोटो बसला.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांसाठी काही घ्याल तेव्हा ते नवं आहे की जुनं, हे जरूर बघा; पण त्याआधी त्यांना काय दिसतं, काय जमतं, हे शेजारी बसून विचारा. आणि आमचं आयुष्य संपलं की आम्हांला कचऱ्यात फेकू नका, आमच्यासारख्यांची नीट विल्हेवाट लावणाऱ्यांकडे द्या. माझीही वेळ येईल. एके दिवशी नेटवर्क मला ओळखणार नाही. पण माझ्या वाट्याला जे आलं, ते पुष्कळ आलं.

राजलक्ष्मी बेंगळुरूला परतल्यावर पहिल्याच दुपारी पद्मावतींनी वाकड्या बोटाचं पेर माझ्या चौकटीवर टेकवलं. घंटी वाजली. इतकी वर्षं जो आवाज मी अगदी जवळून, श्वासासकट ऐकला होता, तो पहिल्यांदाच दुरून माझ्यात आला.

“बोल गं, पद्मा.”