दिवे लागणारं साउंड कार्ड

माझ्या कॉम्प्युटरचा आवाज गेला त्या दिवशी दादा खूश झाला. उगाच म्हणत नाही मी. मला जन्मापासून दिसत नाही, पण सख्ख्या भावाच्या घशातली खुशी ओळखायला डोळे लागत नाहीत. "सरक जरा," म्हणत तो माझ्या खुर्चीत बसला, मागे हात घालून दोन-चार वायरी हलवल्या आणि जाहीर केलं, "आतलं साउंड जळलंय. नवीन कार्ड लागेल. मी बघतो." दादा बघतो म्हणाला की पुढे मला निस्तरावं लागतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

दिसणाऱ्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला तर त्यांची गाणी बंद होतात. माझा गेला तर टेबलावर पत्र्याचा डबा उरतो. स्क्रीनवर काय लिहिलंय ते स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम मला वाचून दाखवतो आणि त्यावर माझं पोट आहे. गल्लीच्या टोकाला सोनोग्राफी सेंटर आहे. तिथल्या डॉक्टरबाई पेशंट तपासताना बोलत जातात, एक प्रोग्रॅम ते बोलणं टाइप करतो आणि त्याने घातलेला घोळ मी दुरुस्त करते. डावं मूत्रपिंड दोनदा आणि उजवं गायब, पुरुषाला गर्भाशय, असले एकेक नमुने. हेडफोन लावल्याशिवाय एक ओळही वाचायची नाही, ही बाईंची अट. ती मी कधी मोडली नव्हती. शिवाय मी वाचनाचा वेग इतका वाढवून ठेवते की शेजारी उभ्या माणसाला त्यातलं अवाक्षर कळू नये. वहिनी त्या किरकिरीला माझा किडा म्हणते.

कार्ड आणायला मी दादाबरोबर गेले, कारण एकटी जाते म्हटलं असतं तर आठवडाभर फुगून बसला असता. पर्समध्ये माझा हेडफोन होता आणि पेन ड्राइव्हमध्ये माझा स्क्रीन रीडर. दुकानदाराने आमच्याकडे बघून दादालाच विचारलं, "यांना काय हवंय?"

"यांनाच विचारा," मी म्हणाले.

"ताई, गाण्यांसाठी हवंय की सिनेमासाठी?"

मी त्याला शांतपणे सांगितलं. मला बोलणं ऐकायचंय. काही कार्डं जरा शांतता मिळाली की डुलकी काढतात आणि जागी होईपर्यंत पुढच्या वाक्याचा पहिला शब्द गिळून बसतात. माझ्या कामात पहिला शब्द गेला तर पेशंटचं मूत्रपिंड इकडचं तिकडे होतं. म्हणून तुमच्या कॉम्प्युटरला कार्ड लावू द्या, मी एक बटण दाबीन, गप्प बसेन, परत दाबीन. मग काढून पुन्हा लावीन. आपलं आपण बोलायला लागलं तर ठीक, कारण आवाज गेल्यावर सेटिंग शोधायलाही मला आवाजच लागतो. आणि आवाज कमीजास्त करायला हाताला लागेल असं चाक हवं.

"सगळी सारखीच असतात हो," तो म्हणाला. तरी त्याने अंगठ्याएवढं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या कडेला दातेरी चाक होतं. मला ते तिथल्या तिथे आवडलं. "लावून बघू दे," मी म्हणाले. तेवढ्यात दादाने काउंटरवर एक भलामोठा खोका आपटला.

"असलं चिल्लर माझ्या बहिणीला देऊ नका. हे किती छान आहे बघा. सात रंगांचे दिवे लागतात."

"दिवे कुणासाठी?" मी विचारलं.

"दिसायला बरं वाटतं," दुकानदार म्हणाला.

दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही. आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नव्हतं. दादा पुढे म्हणाला की याला दोन ठिकाणी वायर लागते, पुढे हेडफोन आणि मागे हॉलमधले स्पीकर, म्हणजे सुट्टीच्या दिवशी गाणीही होतील. भिंतीतून हॉलपर्यंत वायर त्याने केव्हाच ओढून ठेवली होती. लावून बघायचा माझा हट्ट त्याने "लोक खोळंबलेत गं" म्हणून उडवला आणि पैसे भरून मोकळा झाला. पैसे दादाने भरले की वस्तू त्याच्या पसंतीची, हा आमच्या घरचा कायदा. येताना तो रस्ताभर शीळ घालत होता.

ते कार्ड म्हणजे शुद्ध छळ निघालं. त्याचा प्रोग्रॅम उघडला की सगळी नुसती चित्रं, एकालाही नाव नाही. स्क्रीन रीडर आपला म्हणतोय, "बटण. बटण. बटण." कुठल्या बटणाने काय होईल त्याचा पत्ता नाही. त्यात आवाज असा घुमायचा की वाचणारा जणू टाकीत उतरलाय. माझ्या नेहमीच्या वेगात एकेक शब्द दुसऱ्यात मिसळून नुसता चिखल व्हायचा. मी दादाला बोलावून म्हटलं, तुला दिसतंय तर हे घुमणं बंद कर. त्याने माऊस फिरवला, चार टकटक केल्या आणि म्हणाला, "ते बंद होत नाही. पण आवाज फक्त तुझ्या हेडफोनमध्ये येईल असं करून दिलंय. तू वेग कमी कर, झालं." मी वेग कमी केला. लहान पोराला धडा समजवावा तसा तो प्रोग्रॅम एकेक शब्द सुटा करून वाचायला लागला. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागायला लागले आणि डॉक्टरबाईंची कुरकुर सुरू झाली.

घरात मात्र एक सुधारणा दिसली. मी कामाला बसले की हॉलमधला टीव्ही बंद व्हायचा. दादा रंगांच्या दुकानातून जेवायला यायचा तो दुपारभर रेंगाळायचा, आणि दोघं इतकी शांत असायची की वहिनीला माझ्या कामाची कदर आली असं मला वाटलं. असलं काहीतरी वाटून घेण्याचा मूर्खपणा मी क्वचितच करते.

मग एके दिवशी तळमजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. एरवी माझा हात धरून ख्यालीखुशाली विचारणाऱ्या काकू त्या दिवशी लांबूनच बोलल्या.

"तुला रिपोर्ट तपासायला दिला होता, वाटायला नाही."

"काय झालं, काकू?"

"माझ्या गाठीचं मी अजून मुलाला सांगितलं नव्हतं. त्याची परीक्षा चालू आहे. काल त्याचा रडत फोन आला. गल्लीतल्या कुणीतरी त्याला विचारलं, आईचं ऑपरेशन कधी आहे म्हणून."

मी म्हणाले, मी कुणाजवळ शब्दही काढलेला नाही. काकू म्हणाल्या, "मग कुणी काढला, तुझ्या त्या मशीनने?" आणि दार लावून घेतलं. अंगाची लाही लाही होत होती आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आलाच. पुन्हा असं कानावर आलं तर काम बंद, त्यांनी साफ सांगितलं. मी म्हणाले, तुमच्या काउंटरवरच्या मुलीला विचारा, कागद तिच्याच हातून जातात. त्या पोरीला त्या दिवशी भरपूर बोलणी बसली असं नंतर कळलं. मला तेव्हा जरासुद्धा वाईट वाटलं नाही. हे काम गेलं असतं तर उरलेलं आयुष्य दादाच्या पानातलं खाऊन काढावं लागलं असतं. तेही रोज त्याने आठवण करून दिल्यावर.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी दादा चहासुद्धा न घेता बाहेर पडला. बँकेत जातोय म्हणाला. दुपारी मी कामाला बसले, दोन रिपोर्ट संपवले, तिसरा उघडला. स्क्रीन रीडरने सावकाश, खणखणीत आवाजात नाव वाचलं. ते दादाचं होतं. पाठोपाठ वय आणि आमचाच पत्ता. मी झटकन बटण दाबून त्याला गप्प केलं. घरच्या माणसाचा रिपोर्ट मी वाचत नाही. न वाचता बाईंना परत पाठवते, त्या स्वतः बघतात. आईच्या वेळीही मी तेच केलं होतं.

फाइल परत पाठवायला बोटं फिरवतेय तोच हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचं हेडफोनमधूनसुद्धा ऐकू आलं. मी हेडफोन उतरवला. दादा दारात उभा होता. त्याला धाप लागली होती.

"थांबवलंस कशाला?" तो म्हणाला. "पुढचं वाच ना."

"पुढचं कसलं?"

मी कीबोर्डवर एक बटण दाबलं. हेडफोन माझ्या मांडीवर पुटपुटला आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून, हॉलमधून, तोच आवाज स्वच्छ बोलला, "फाइल उघडलेली आहे." मी कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. स्पीकरची वायर तिथे घट्ट बसलेली होती. ती मी उपटली.

"पहिल्या दिवसापासून?" मी विचारलं.

"अगं, चुकून दोन्हीकडे लागलं. मला वाटलं, तुला ऐकू येतच असेल."

"चुकून कसलं?" वहिनी हॉलमधून म्हणाली. नवऱ्याची बाजू सोडायची वेळ तिने बरोबर निवडली होती. "एका चौकोनातली टिक काढायची होती. त्या घुमण्याचंही तेच. मी म्हटलं होतं यांना."

"तू म्हटलं होतंस आणि ऐकायला रोज मांडी ठोकून बसत होतीस," मी म्हणाले. "काकूंची गाठ गल्लीभर कुणी केली, वहिनी?" त्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली.

दादासमोरच मी डॉक्टरबाईंना फोन लावला. म्हणाले, काउंटरवरच्या मुलीचा काही दोष नाही, मी तिच्यावर उगाच ढकललं. आवाज माझ्या खोलीतून हॉलमध्ये जात होता आणि माझा भाऊ न् वहिनी बसून ऐकत होते. दादा "अगं, अगं" करत माझ्या हातातला फोन ओढायला लागला. मी त्याच्या मनगटावर नखं रोवली. बाई म्हणाल्या, आज काम बंद. दुसरं कार्ड लावा. सोमवारी मी स्वतः येऊन तुमच्या हॉलमध्ये बसेन. तिथे चकार शब्द ऐकू आला नाही तर पुढचं ठरवू. त्या मुलीची माफी मात्र तुम्ही तिच्यासमोर येऊन मागायची.

खाली जाऊन काकूंनाही सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "तू म्हणे पाचोळा वाजला तरी ओळखतेस," त्या म्हणाल्या, "आणि भिंतीपलीकडे तुझंच मशीन बोलत होतं, ते तुला ऐकू आलं नाही?" त्यांनी मला आत बोलावलं नाही.

हेडफोन आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकूनच मी खाली आले होते. तिथूनच काठी घेऊन दुकान गाठलं. आज दुकानदाराला विचारायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याला माझ्याशी बोलावं लागलं. ते चाकाचं छोटं कार्ड मी त्याच्या कॉम्प्युटरला लावलं, गिऱ्हाइकं खोळंबली तरी हलले नाही. गप्प बसून परत बटण दाबलं, एकही शब्द गिळला गेला नाही. काढून लावलं, तर आपलं आपण बोललं. एकच हेडफोन लागत होता, दुसऱ्या वायरीला जागाच नव्हती. "घेताय ना, ताई?" त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर मी पैसे दिले. घरी येऊन दिव्यांचं कार्ड काढलं आणि हॉलमध्ये दादाच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते बाजूलाही सारलं नाही.

"रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे," तो म्हणाला. "दोन रात्री कशा काढू? मी काकूंच्या पाया पडतो, हवं तर सगळ्या गल्लीसमोर पडतो. नुसतं एवढं सांग, काही सापडलंय का?"

"मी वाचला नाही. तुझं नाव आलं तेव्हाच थांबवला, आणि फोन झाल्यावर परत पाठवला."

"खोटं बोलू नकोस."

"नाही वाचला, दादा."

"शक्यच नाही. समोर उघडलेला होता. कुणीही वाचेल." त्याने माझं मनगट धरलं. "वाईट आहे, म्हणून सांगत नाहीस ना?"

त्याला पटवायचं म्हटलं असतं तर पटवता आलं असतं. आईची शपथ घेतली असती, बाईंना फोन लावून दिला असता. दुपारचं जेवण त्याने तसंच ठेवलं होतं आणि श्वास घेताना त्याच्या छातीतून घरघर येत होती. मला त्याची दया आली, हे खोटं नाही. पण उघडलेली फाइल न वाचता कुणी बंद करू शकतं, हे त्याच्या डोक्यात शिरणारच नव्हतं, आणि ते शिरवायचं काम माझं नव्हतं. खरं काय ते मी त्याला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.